मुलाचा दिवस आणि मालमत्तेचा कागद: विभक्त होणाऱ्या सोलापूरकर पती-पत्नींसाठी न्यायालयीन मार्गदर्शक

वेगळे राहायचे ठरवून वकिलाच्या टेबलासमोर येऊन बसलेल्या माणसाच्या मनात बहुधा एखादे वाक्य आधीच पक्के झालेले असते. पत्नीला कोणीतरी सांगितलेले असते की नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा निम्मा हिस्सा आहे. पतीला घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते की मूल बापाचे, ते शेवटी इकडेच येणार. ही दोन्ही वाक्ये न्यायालयात टिकत नाहीत. घटस्फोट झाला म्हणून मालमत्तेचे आपोआप दोन समान भाग करणारा कायदा, गोव्यासारखा अपवाद वगळता, आपल्याकडे नाही. पतीच्या निवासी मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. मुलाच्या बाबतीत तर आईचा हक्क की बापाचा हक्क हा प्रश्नच दुय्यम ठरतो, कारण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ ने मुलाचे हित हाच सर्वोच्च निकष ठरवून ठेवला आहे.

न्यायाधीशांसमोर प्रत्यक्षात दोनच गोष्टींना वजन येते. मूल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणाच्या देखरेखीखाली असते, ही पहिली. आणि मालमत्तेच्या कागदावर काय लिहिले आहे, ही दुसरी. ज्याने या दोन गोष्टींची तयारी केली त्याचे प्रकरण निम्म्या तारखांत पुढे सरकते, आणि ज्याने समोरच्याच्या दोषांची यादी तेवढी आणली तो पुष्कळ बोलूनही रिकाम्या हाताने परततो.

पहिली पायरी: कायदा कोणता आणि न्यायालय कोणते

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ खाली सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि पती-पत्नींमधील मालमत्तेचा वाद हे सगळे विषय तिथे एकाच छताखाली चालतात. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत याचिका इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखल्या जातात: विवाहविषयक याचिका 'ए', मालमत्तेची 'बी', पोटगीची 'सी', ताबा व पालकत्वाची 'डी', फौजदारी स्वरूपाच्या पोटगीची 'ई' आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाची 'एफ'. ही अक्षरे लक्षात ठेवावीत, कारण तारखेचा फलक वाचताना आणि नकलेचा अर्ज भरताना त्यांचाच उपयोग होतो. ग्रामीण तालुक्यांतील पक्षकाराने आपले गाव कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत येते हे अर्ज तयार करण्यापूर्वीच दाखल विभागात विचारून घ्यावे, कारण कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरील प्रकरणे दिवाणी न्यायालयांत चालतात. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खालील अर्ज मात्र साधारणपणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ लिंगायत, जैन आणि बौद्ध पक्षकारांनाही लागू होतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झालेल्या विवाहांना १९५४ चा कायदा लागू होतो. मुस्लिम पक्षकारांसाठी मेहर (विवाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम), इद्दतीच्या म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या काळातील खर्च आणि विवाहाच्या वेळी मिळालेल्या वस्तू परत मिळण्याचा हक्क १९८६ च्या कायद्यात आहेच. शिवाय घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण पोटगीच्या तरतुदीखालीही अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मुलाच्या पालकत्वासाठी असलेला पालक व पाल्य अधिनियम, १८९० सर्वधर्मीयांना खुला आहे. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते असा नियम सांगितला जातो, पण तिथेही न्यायालय अखेर मुलाचे हितच पाहते.

इथे आपल्या भागातील एका गैरसमजाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पंच बसवून स्टॅम्प पेपरवर काडीमोड किंवा फारकत लिहून घेतली, नोटरीचा शिक्का मारला आणि 'मूल बापाकडे, भांडी आईकडे' असे खाली नमूद केले, की विषय संपला असे अनेक कुटुंबे मानतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसार होणारा घटस्फोट मान्य केला आहे हे खरे. परंतु त्या जातीत अशी रूढी दीर्घकाळ, सातत्याने चालत आली आहे हे तिचा आधार घेणाऱ्याला न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि ते सहसा जमत नाही. तोपर्यंत दुसरे लग्न झालेले असेल तर गुंता किती वाढतो ते सांगायला नको. मुलाबाबतचे पंचांचे कलम न्यायालयावर बंधनकारक नसते, आणि आईने 'मला पोटगी नको' असे लिहून दिले तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्याने बुडत नाही.

दुसरी अडचण सीमेची. सोलापुरातील अनेक मुलींचे माहेर विजापूर, इंडी किंवा कलबुर्गीकडे असते, आणि विभक्त झाल्यावर त्या तिथेच अर्ज करतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार अर्जदार पत्नीला ती जिथे राहते तिथे याचिका दाखल करता येते. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मात्र, १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, मूल जिथे सामान्यतः राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करावा लागतो. दोन राज्यांत दोन अर्ज सुरू झाले तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रकरण हलवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. तो खर्च आणि वेळ लक्षात घेता पहिला अर्ज कुठे करायचा याचा विचार रागाच्या भरात करू नये. कन्नड किंवा तेलुगू भाषेतील पत्रे आणि पावत्या पुरावा म्हणून द्यायच्या असतील, तर त्यांचे मराठी भाषांतर आधीच करून ठेवावे.

खर्चाचे म्हणाल तर पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक नात्यातून उद्भवलेला मालमत्तेचा वाद या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी.

दुसरी पायरी: कागद जमवणे

घर सोडताना कपडे घेतले जातात, कागद राहून जातात. ही चूक सर्वाधिक महागात पडते. मुलाचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचे कार्ड, शाळेची फी भरल्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि प्रगतिपुस्तक यांच्या प्रती दोन्ही पालकांकडे असाव्यात. फीच्या पावतीवर कोणाची सही आहे, पालकसभेच्या हजेरीत कोणाचे नाव आहे, ही वरवर क्षुल्लक दिसणारी माहिती ताब्याच्या प्रकरणात चार साक्षीदारांइतके काम करते.

मालमत्तेसाठी शेतीचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि मागील फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढावेत. शहरातील घरासाठी मिळकत पत्रिका, खरेदीखत, सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा उतारा) आणि महापालिकेच्या मिळकत कराचा उतारा घ्यावा. यातील बहुतेक कागद कोणालाही अर्ज करून मिळतात. त्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही. लग्नातील दागिन्यांचे फोटो, सराफाची पावती आणि दागिने सोनेतारण ठेवले असतील तर बँकेची किंवा पतसंस्थेची तारणपावती शोधावी. ही पावती फार उपयोगाची असते, कारण तिच्यावर वजन लिहिलेले असते, तारीख असते आणि कोणी सोने नेऊन ठेवले त्याची सही असते.

उत्पन्न सिद्ध करणे हा आपल्या जिल्ह्यात खरा कस लावणारा भाग आहे. नोकरदाराची पगारपत्रिका मागवता येते. पण यंत्रमागाचे शेड चालवणारा, डाळिंबाची बाग असणारा किंवा कांद्याचा व्यापार करणारा माणूस न्यायालयात "महिना आठ हजार सुटतात" असे शपथेवर सांगतो, आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे विवरणपत्रातही काही दिसत नाही. अशा वेळी साखर कारखान्याचे ऊसबिल, बाजार समितीतील अडत्याची हिशेबपट्टी, सातबाऱ्यावरील पिकांची नोंद, यंत्रमागाच्या वीजजोडणीचे बिल, पिग्मीचे पुस्तक, गाडीचे हप्ते आणि पीककर्जाचा मंजुरी अर्ज हे कागद बोलके ठरतात. कर्ज घेताना माणूस उत्पन्न फुगवून सांगतो आणि पोटगी देताना आटवून सांगतो; त्यामुळे पीककर्जाचा अर्ज आणि पोटगीचे म्हणणे एकमेकांशेजारी ठेवले की उलटतपासणीला फारसे काही शिल्लक राहत नाही.

तिसरी पायरी: अंतरिम आदेश

मूळ प्रकरणाचा निकाल लागायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच तारखांना अंतरिम अर्ज द्यावेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली पती किंवा पत्नी, ज्याला स्वतंत्र पुरेसे उत्पन्न नाही त्याला, अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. कलम २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबाबत आदेश मागता येतो. अंतरिम पोटगीचा आणि मुलांच्या पालनपोषण-शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात 'शक्यतो' या शब्दाचा अर्थ बराच लांबतो, हेही जाणून असावे. पोटगीसाठीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे आणि ते १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

'रजनेश विरुद्ध नेहा' या मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निकाल प्रत्येक पक्षकाराने समजून घेतला पाहिजे. त्यानुसार दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे आणि खर्च यांचे सविस्तर शपथपत्र द्यायचे असते आणि पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजायची असते. निरनिराळ्या कायद्यांखाली आधीच मिळालेली पोटगी नंतरच्या आदेशात लक्षात घ्यायची असते, म्हणून जुना आदेश लपवू नये. शपथपत्रात रकाने मोकळे सोडणे किंवा अंदाजपंचे आकडे लिहिणे टाळावे. नोकरी करणाऱ्या पत्नीने आपला पगार दडवला आणि पुढच्या तारखेला पतीच्या वकिलाने तिची पगारपत्रिका पुढे केली, तर तिच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

राहत्या घरातून काढले जात असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याखाली निवासाचा आदेश आणि कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. पती जमीन किंवा सदनिका विकण्याच्या तयारीत असेल तर मनाई आदेशाचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण एकदा खरेदीखत नोंदले गेले की तिसरा माणूस प्रकरणात येतो आणि सगळेच बिघडते.

चौथी पायरी: मुलाचा ताबा आणि भेटीचे वेळापत्रक

कायद्याचे गणित थोडक्यात असे आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे १९५६ च्या कायद्याचे कलम ६ सांगते. त्याच कलमातील 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' या शब्दांचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' एवढाच घ्यायचा नाही, त्यांच्या अनुपस्थितीत आईही नैसर्गिक पालक असते, असे १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १८९० च्या कायद्याचे कलम १७ मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाची वागणूक आणि क्षमता पाहायला सांगते, आणि मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर तीही विचारात घ्यायला सांगते. जास्त पगार हा ताब्याचा निकष नाही. ज्याचा पगार जास्त त्याने पैसे द्यावेत आणि ज्याच्याकडे वेळ व माया आहे त्याने सांभाळावे, अशी व्यवस्था न्यायालय सहज करू शकते.

मुलाशी न्यायाधीश आपल्या दालनात बोलतात, तेव्हा "आई हवी की बाबा?" असा प्रश्न सहसा नसतोच. एका प्रकरणात आई आणि वडील या दोघांनीही मुलीचे सगळे आपणच करतो असे शपथेवर सांगितले होते. दालनात त्या सात वर्षांच्या मुलीला विचारले गेले, "बाळ, सकाळी तुझी वेणी कोण घालतं?" ती म्हणाली, "आजी. आई घातली की सैल होते." आजी आईची आई होती आणि त्याच घरात राहत होती. आईच्या नोकरीच्या वेळांवर वडिलांच्या बाजूने जो मोठा आक्षेप उभा केला होता, तो त्या एका वेणीने निकालात निघाला. म्हणून अर्जात 'मी मुलाची उत्तम काळजी घेतो' असे लिहिण्यापेक्षा डबा कोण करते, शाळेच्या रिक्षावाल्याचा फोन कोणाकडे येतो, ताप आला तेव्हा रजा कोणी टाकली, हे तारखांसह लिहावे. मुलाला शिकवून, पढवून आणू नये. समुपदेशकांच्या ते दुसऱ्या वाक्यातच लक्षात येते.

कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकासमोरच्या बैठकीकडे अनेकजण निव्वळ औपचारिकता म्हणून पाहतात. वास्तविक भेटीचे वेळापत्रक सर्वांत चांगले तिथेच तयार होते, कारण तिथे साक्षीपुरावा नसतो आणि दोघांना एकमेकांच्या तोंडून अडचणी ऐकायला मिळतात. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. कायद्यात अद्याप तशी दुरुस्ती झालेली नाही, पण पक्षकारांनी नीट आराखडा दिला तर न्यायालये तो स्वीकारतात.

आराखड्यातील सर्वांत घातक शब्द म्हणजे 'सोयीनुसार'. 'वडील मुलीला सोयीनुसार भेटतील' असे लिहिले की सहा महिन्यांत कोणाची सोय, या एकाच मुद्द्यावर नवीन अर्ज पडतो. त्याऐवजी असे लिहावे: 'दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ वाजता वडील मुलीला तिच्या आजोळच्या घराच्या दारातून घेतील आणि रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच आणून सोडतील, अर्ध्या तासाहून अधिक उशीर होणार असल्यास संदेश पाठवतील, मुलगी आजारी असल्यास त्याबदली पुढील शनिवार-रविवार धरला जाईल.' वडील पुण्यात नोकरीला असतील तर त्यांच्या गाडीच्या वेळा धरून आराखडा करावा. पुण्याहून येऊन त्याच दिवशी परतणाऱ्या माणसाच्या हातात भेटीसाठी किती तास उरतात, हे आधी मोजावे.

सणांचे कलम स्वतंत्र असावे. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, रमजान ईद हे बहुतेक आराखड्यांत येतात. पण सोलापुरात संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा हाही मोठा प्रसंग आहे. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला मूल कोणाबरोबर आणि गड्ड्यावर पाळण्यात बसायला कोणाबरोबर, यावरून दोन घराण्यांत शाळकरी भांडण जुंपते. यंदा एकाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, अशी पाळी सम-विषम सालांनी ठरवून टाकावी. ज्या घरातून आषाढीला पंढरपूरला जाण्याची रीत आहे तिथे तो दिवसही लिहावा.

दूर राहणाऱ्या पालकासाठी फोन आणि व्हिडिओ कॉलची वेळ लिहिणे आता आवश्यक मानावे. जानेवारी २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबरच संपर्काचा हक्क महत्त्वाचा मानून, शक्य तितके रोज पाच-दहा मिनिटे बोलणे व्हावे असे म्हटले. याशिवाय शाळा बदलणे, शहर सोडणे, शस्त्रक्रिया आणि पारपत्र या बाबतींत दोघांची लेखी संमती घेण्याचे कलम घालावे. जिथे मारहाणीचा, व्यसनाचा किंवा मूल पळवून नेण्याचा खरा धोका आहे तिथे मात्र हे समंजस आराखडे बाजूला ठेवून न्यायालयाच्या आवारातच, देखरेखीखाली भेट मागावी आणि त्यासाठी पोलीस तक्रार किंवा वैद्यकीय कागद जोडावा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. पोटगी थांबली म्हणून भेट अडवू नये आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज आहेत, आणि असे करणाऱ्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदवहीत) राहते.

पाचवी पायरी: मालमत्ता

मालमत्तेचे वर्गीकरण न करता 'सर्व मालमत्तेत हिस्सा मिळावा' अशी मागणी करणे म्हणजे काहीच न मागण्यासारखे आहे.

स्त्रीधन हा सर्वांत भक्कम हक्क आहे. विवाहापूर्वी, विवाहात किंवा नंतर स्त्रीला मिळालेल्या दागिन्यांवर, वस्तूंवर आणि रोख रकमेवर तिची एकटीची मालकी असते आणि पती किंवा सासर हे फक्त सांभाळणारे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले. एप्रिल २०२४ मधील एका प्रकरणात पत्नीचे सोने परत न करणाऱ्या पतीला न्यायालयाने २५ लाख रुपये देण्यास सांगितले. यादी करताना 'सुमारे वीस तोळे' असे न लिहिता पाटल्या, गंठण, बांगड्या, प्रत्येकाचे वजन आणि कोणी दिले हे लिहावे.

दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंसाठी आणि विवाहाशी संबंध असलेल्या संयुक्त मालमत्तेसाठी हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ आहे. ही मागणी हुकूमनाम्यापूर्वी (न्यायालयाच्या अंतिम निर्णयाआधी), त्याच याचिकेत करावी लागते, आणि अनेक वकील ती घालायला विसरतात. कलम २५ खालील कायमची पोटगी मात्र हुकूमनाम्यानंतरही मागता येते.

संयुक्त नावावरील सदनिकेत खरेदीखत, पैशांचा उगम आणि गृहकर्जाचे हप्ते पाहिले जातात. दोघांपैकी एकजण बाहेर पडणार असेल तर त्याला आपला हिस्सा दुसऱ्याला देण्याचा दस्त नोंदवावा लागतो. पती-पत्नी हे नाते कायम असताना राहत्या घराचे बक्षीसपत्र केले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये पडते, शिवाय स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च. घटस्फोट झाल्यावर ती सवलत मागायला नातेच उरत नाही, म्हणून दस्ताची तारीख विचारपूर्वक ठरवावी. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणेघेणे नसते. कर्जात दोघांची नावे असतील तर हुकूमनाम्यात काहीही लिहिले तरी बँक दोघांकडे मागू शकते. कर्जातून नाव कमी झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत समाधान मानू नये.

पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत त्याच्या हयातीत पत्नीला वाटणी मागता येत नाही, परंतु पोटगी ठरवताना ती मालमत्ता त्याची ऐपत म्हणून मोजली जाते, आणि पोटगीच्या रकमेचा बोजा त्या मिळकतीवर ठेवावा अशी मागणी करता येते. हा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंदवून घेतला की जमीन विकताना घेणारा आधी बोजाबद्दल विचारतो, आणि थकलेली पोटगी अचानक जमा होते असा अनुभव आहे.

वडिलोपार्जित जमिनीत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. मात्र मुलामुलींचा हक्क जन्मसिद्ध असतो. मुलींना सहदायकाचा, म्हणजे मुलासारखाच जन्मतः वाटेकरी असण्याचा, हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि तो जन्माने मिळतो हे ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने पक्के झाले. आईवडिलांचा घटस्फोट झाल्याने हा हक्क रतीभरही कमी होत नाही. म्हणून तडजोडीत 'मुलीच्या वतीने आईने हक्क सोडला' असे कलम कोणी सुचवले तर त्यावर सही करू नये. अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेल्या) मुलाच्या स्वतंत्र नावावरील स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सासूसासऱ्यांच्या नावावरील घराबाबत १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने चित्र बदलले. एकत्र राहणे झालेले ते घर 'सामायिक निवास' ठरू शकते आणि सुनेला तिथे राहण्याचे संरक्षण मिळू शकते. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. अनेकदा न्यायालय पतीला पर्यायी घर किंवा भाडे द्यायला सांगून दोन्ही बाजूंची सोय लावते.

विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या अनेक कुटुंबांकडे पंतप्रधान आवास योजनेतील घर असते. या योजनेत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे देण्याचे धोरण आहे. वाटपाचे पत्र, करारनामा आणि हप्त्यांच्या पावत्या कोणाच्या नावे आहेत ते पाहून मगच बोलावे. भविष्य निर्वाह निधी आणि विम्यावरील नामनिर्देशन दोघांनीही तपासून घ्यावे.

कायमच्या पोटगीबद्दल 'पगाराचा चौथा हिस्सा' असे सूत्र सर्रास सांगितले जाते. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली गेली होती, पण ती त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर. विवाहाचा कालावधी, दोघांचे वय, शिक्षण, राहणीमान, मुलांची जबाबदारी आणि देणाऱ्याची इतर देणी पाहून आकडा खाली-वर होतो.

सहावी पायरी: तडजोड झाली तर

परस्पर संमतीच्या याचिकेसाठी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत सहा महिन्यांचा काळ ठेवलेला असतो. सगळे वाद मिटलेले असतील तर हा काळ शिथिल करता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. तडजोडपत्रात रक्कम, तारीख, बँक खाते आणि हप्ता चुकल्यास काय, हे लिहावे. मुलासाठी ठरलेली रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे केव्हाही चांगले, आणि मासिक रकमेत दरवर्षी ठरावीक वाढ धरावी, नाहीतर बालवाडीच्या फीवर ठरलेला आकडा दहावीपर्यंत तसाच राहतो.

तडजोडीत स्थावर मिळकत असेल तर तिचे संपूर्ण वर्णन, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा मूळ याचिकेतच असू द्यावी. नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार दाव्याचा विषय नसलेली मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्यात आली तर तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे एका पक्षकाराचा फेरफार दोन वर्षे अडला होता आणि त्यापायी पुन्हा नवा दस्त करण्याचा खर्च त्याच्याच माथी आला.

सातवी पायरी: आदेश हातात आल्यानंतर

निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज द्यावा. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ खाली अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. हिंदू विवाह कायद्याखालील हुकूमनाम्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांची मुदत धरली असली तरी आपण ३० दिवसच आपले समजून चालावे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. सोलापूरच्या पक्षकाराला अपिलासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे सोलापूरसह सहा जिल्ह्यांचे काम आहे.

पोटगी थकली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा. थकबाकी भरली नाही तर एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. भेटीचा आदेश पाळला जात नसेल तर तारीख, वेळ, कोणी दार उघडले आणि काय उत्तर मिळाले हे त्याच दिवशी लिहून, संदेशांच्या छायाप्रती जोडून अंमलबजावणीचा अर्ज करावा. दारात आरडाओरडा करून, मुलासमोर मोबाइलवर चित्रण करून मिळवलेला पुरावा बहुधा करणाऱ्यावरच उलटतो.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. मूल मोठे झाले, आईची बदली झाली, वडिलांनी दुसरे लग्न केले किंवा शाळा बदलली, तर त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज करता येतो. अशा अर्जासोबत जुन्या आदेशाची नकल, गेल्या वर्षभरातील भेटींची वही आणि मुलाच्या शाळेचे नवे वेळापत्रक जोडावे. मालमत्तेचा हुकूमनामा मात्र तसाच फाइलमध्ये ठेवू नये. त्याची प्रमाणित नकल घेऊन शेतीसाठी तलाठी कार्यालयात आणि शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयात नोंदीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नवा उतारा प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत ती पोच जपून ठेवावी.